९९ पानांची पंगत अन् गच्चीचा स्लॅब

आमची वरची खोली म्हणजे मे महिन्यात निव्वळ तवा. आणि गंमत अशी की दुपारी दोनला नाही, संध्याकाळी सात-साडेसातला ती जास्त तापते. बाहेर जरा बरं झालेलं असतं, अर्धं नागपूर फुटाळा तलावावर हवा खायला गेलेलं असतं, आणि आमचं छत नेमकं तेव्हाच आग ओकायला लागतं, मग कूलरला नवीन ताट्या लावा नाहीतर टाकीत बर्फ टाका, काही फरक नाही. बाबा म्हणतात गच्चीवर चुना मार. मी म्हटलं चुना मारायच्या आधी हिशोब करू. (चुना अजून मारलेला नाही, ते सोडा.)

हिशोब म्हणजे स्लॅबचं मॉडेल. खाली काँक्रीट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर चायना मोझॅक, खालून बीम. या सगळ्याचे बारीक चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं तापमान एक अज्ञात, आणि प्रत्येक तुकड्याचं एक समीकरण की शेजाऱ्यांकडून आलेली उष्णता आणि शेजाऱ्यांना गेलेली उष्णता जुळली पाहिजे. मी ६० बाय ६० बाय २० घेतले, म्हणजे ७२,००० समीकरणं. या समीकरणांतल्या आकड्यांचा चौकोनी तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, पूर्ण मांडायची म्हटली तर नुसती ठेवायलाच ४१ जीबी लागतात, माझ्या लॅपटॉपमध्ये १६ आहेत. पण खरं पाहिलं तर एका ओळीत फार तर ७ आकडे, बाकी सगळी शून्यं. अशा वेळी इटरेटिव्ह सॉल्व्हर, म्हणजे पायरीपायरीनं समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, कामाला येतो. त्याला मॅट्रिक्स हातात द्यावीच लागत नाही, तो फक्त म्हणतो हा घे वेक्टर (आकड्यांची एक यादी), मॅट्रिक्सनं गुणून दे, मग दुसरा वेक्टर, गुणून दे, असं करत करत उत्तराजवळ सरकतो.

आणि ही मॅट्रिक्स सिमेट्रिक असते, म्हणजे डायगोनलच्या (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या ओळीच्या) वरची अर्धी आणि खालची अर्धी आरशातल्यासारखी सारखी. माझ्याकडून तुझ्याकडे उष्णता जायला जेवढा अडथळा, तेवढाच तुझ्याकडून माझ्याकडे यायला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच माझी फजिती झाली.

सिमेट्रिकसाठी सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे कॉन्जुगेट ग्रेडियंट, आपला सीजी. हेस्टेनेस आणि स्टीफेल यांचा पेपर, १९५२ चा. कागदावर तो जेवढी समीकरणं फार तर तेवढ्या पायऱ्यांत बिनचूक उत्तर देतो, कॉम्प्युटरवर मात्र आकडे कापले जातात त्यामुळे ते गणित बिघडतं, म्हणून बरीच वर्षं लोकांनी त्याला फार विचारलं नाही. मग १९७१ मध्ये रीडनं दाखवलं की अहो याला बिनचूक उत्तराची पद्धत समजूच नका, मोठ्या विरळ मॅट्रिक्ससाठी हळूहळू जवळ जाणारी पद्धत म्हणून वापरा, आणि मग गाडी सुरू झाली. सीजीची एक अट आहे, मॅट्रिक्स सिमेट्रिक पाहिजे आणि पॉझिटिव्ह डेफिनिटही पाहिजे, म्हणजे कुठलाही वेक्टर (सगळी शून्यं सोडून) तिच्यानं गुणून परत त्याच वेक्टरशी गुणला तर उत्तर शून्याहून मोठंच यायला पाहिजे. दुसरी अट नसेल तर १९७५ चा पेज आणि सॉन्डर्स यांचा मिनरेस.

माझ्या स्लॅबला सीजी पुरत होता. मिनरेस लिहायला लागला तो प्रतापनगरच्या दादामुळे. हा दादा स्ट्रक्चरल इंजिनियर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, त्याच्या मॉडेलमध्ये “हा जॉइंट आणि तो जॉइंट सोबतच हलले पाहिजेत” अशा अटी असतात, त्या अटींच्या ओळींत डायगोनलवर शून्य येतं आणि मॅट्रिक्स पॉझिटिव्ह राहत नाही. त्याला मी सांगितलं की सीजी इथे मरेल, तर म्हणाला, “काऊन मरंल? चांगला चालून राहिला ना तुझा.” त्याला मी चहाच्या बिलामागे दोन बाय दोनचं उदाहरण करून दाखवलं. पहिली ओळ ०, १. दुसरी ओळ १, ०. उजवीकडे १ आणि ०. उत्तर तोंडी येतं, ० आणि १. पण सीजी पहिल्या पायरीला दिशा घेतो (१, ०), मॅट्रिक्सनं गुणतो, येतं (०, १), मग या दोघांचा गुणाकार करून त्यानं भागतो, आणि तो गुणाकार येतो शून्य. संपला कार्यक्रम. दादा बिलाकडे पाहत म्हणाला, “एवढ्याशा गणितात झोपला?” हो, एवढ्याशा. आणि ही माझी पहिली टेस्ट झाली: सीजीनं इथे गपचूप भलतंच उत्तर द्यायचं नाही, स्पष्ट सांगायचं की जमत नाही, आणि मिनरेसनं (०, १) द्यायचं.

“लायब्ररीत तयार मिळतं ते सोडून तू कशाला लिहून राहिला” हा प्रश्न दादानेही विचारला, बायकोनेही विचारला. उत्तर एकच, हौस. लिहायला दोन रविवार लागले, संत्र्यांचे दिवस होते, एका हातानं सालं काढत लिहिला. सिमेट्रीची एक टेस्ट तेवढी तेव्हाच लावली, बाकी टेस्ट करायला मात्र मे उजाडला.

सॉल्व्हर टेस्ट करायची नेहमीची पद्धत म्हणजे उत्तर आधीच ठरवायचं, सगळे १ धरा, मॅट्रिक्सनं गुणून उजवी बाजू तयार करा, सॉल्व्हरला द्या, १ परत येतात का बघा. ठीक आहे, सगळे करतात, मीही केलं. पण त्यात एवढंच कळतं की शेवटी पोचला. रस्त्यात लंगडत गेला की धावत गेला ते कळत नाही. सीजीमध्ये एखाद्या गुणकात चूक असली तरी तो कधीकधी पोचतो, फक्त २०० च्या जागी ९०० इटरेशन घेतो, आणि आपल्याला वाटतं प्रॉब्लेमच अवघड असेल.

म्हणून मला अशी टेस्ट पाहिजे होती जिच्यात प्रत्येक पायरीचं उत्तर मला हातानं माहीत असेल. आणि ती सापडली, माझी फार लाडकी आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. डायगोनलवर २, आजूबाजूला उणे १, बाकी शून्य, अशी ९९ बाय ९९ ची मॅट्रिक्स. उजव्या बाजूला ९९ वेळा १. सुरुवात शून्यापासून. याचं खरं उत्तर एक छान कमान आहे, क्ष क्रमांकाच्या जागी क्ष गुणिले (१०० वजा क्ष) भागिले २. दोन्ही टोकांना ४९.५, आणि बरोबर मधोमध, ५० व्या जागी, १२५०.

मी चालवलं तर मिनरेस ५० व्या इटरेशनला संपला. ९९ अज्ञात आणि ५० पायऱ्या? मला वाटलं कुठेतरी अर्ध्यातच सोडून देऊन राहिला. उत्तर पाहिलं तर मध्ये १२५०, एकदम बरोबर. मग कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं. सगळे १ असलेला वेक्टर या मॅट्रिक्सनं गुणला की फक्त दोन टोकांना १ उरतो, मधले सगळे शून्य, कारण २ वजा १ वजा १. परत गुणला की टोकापासून दुसऱ्या घरापर्यंत जातो. परत गुणला की तिसऱ्या. म्हणजे माहिती दोन्ही टोकांकडून एकेक घर आत सरकते.

ही पंगत आहे हो! लग्नातली, ९९ पानांची एकच लांब रांग. दोन वाढपी, एक या टोकाला, एक त्या टोकाला, दर पायरीला दोघं एकेक पान वाढून पुढे. ज्याच्या पानात पडलं त्याचा रेसिड्युअल (म्हणजे त्याचं समीकरण अजून कितीनं चुकतंय तो आकडा) शून्य, ज्याचं पान कोरं त्याचा १. ही उपमा म्हणून सांगत नाहीये, मिनरेस अक्षरशः हेच करतो, तेवढ्या पायऱ्यांत जितका लहान करता येईल तितका रेसिड्युअल लहान करणं हेच त्याचं काम, आणि इथे त्याचा अर्थ एवढाच होतो की पोचलेली पानं शून्य करा. म्हणून कुठल्याही पायरीनंतर एकूण रेसिड्युअल (सगळ्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) किती, तर उरलेल्या कोऱ्या पानांचं वर्गमूळ. ९ पायऱ्या झाल्या, १८ पानं वाढून झाली, ८१ राहिली, रेसिड्युअल ९. पंचविसाव्याला ४९ राहिली, म्हणजे ७. सदतिसाव्याला ५. पंचेचाळिसाव्याला ३. एकोणपन्नासाव्याला मधला एकटा उपाशी, रेसिड्युअल १. पन्नासाव्याला दोघं वाढपी मधल्या पानावर समोरासमोर, आणि शून्य. मी प्रिंट काढला आणि ९, ७, ५, ३, १ असे आकडे त्या त्या ओळीला पाहिले ना, खरं सांगतो, तर्री पोह्यावर जास्तीची तर्री फुकट मिळाल्यासारखं वाटलं.

सीजीचं अजून मजेदार. त्याच पंगतीत सीजी पहिल्या पायरीला सगळ्यांना ४९.५ देऊन मोकळा होतो. मधल्यांचं काही बदलत नाही पण टोकाच्या दोघांचा रेसिड्युअल १ वरून उणे ४८.५ होतो, आणि एकूण आकडा ९.९५ वरून उडी मारून ६९.३ वर जातो. कोणीही म्हणेल बग आहे. नाही. सीजी रेसिड्युअल कमी करायचं वचन देतच नाही, तो चूक कमी करतो, तीही मॅट्रिक्सच्या मापानं मोजलेली. त्यामुळे “रेसिड्युअल दर पायरीला कमीच झाला पाहिजे” ही टेस्ट मिनरेसला लावायची, सीजीला लावायची नाही. मी लावली होती. अर्धा शनिवार गेला.

बाकी टेस्ट पटकन सांगतो. १००० आकड्यांची डायगोनल मॅट्रिक्स पण तिच्यात फक्त १, ५ आणि २० हे तीनच आकडे फिरून फिरून, तर सॉल्व्हर ३ पायऱ्यांत संपला पाहिजे, चार लागले तर मोजणीत एकाची चूक. उजवी बाजू सगळी शून्य दिली तर उत्तर शून्य देऊन गप बसला पाहिजे, माझा बसला नाही, त्यानं शून्याला शून्यानं भागलं, नॅन (कॉम्प्युटरच्या भाषेत “हा आकडाच नाही”) आला, आणि नॅन कुठल्याही आकड्यापेक्षा लहान नसतो त्यामुळे “झालं का” या प्रश्नाला जन्मभर “नाही”, फॅन चालू, लॅपटॉप गरम, आणि तेवढ्यात लाईन गेली म्हणून नाहीतर अजून चालला असता.

याचाच चुलतभाऊ रात्री सापडला. स्लॅबचं मॉडेल दिवसभराचं चालवताना प्रत्येक वेळी आधीच्या तासाचं उत्तर सुरुवात म्हणून देतो, स्वस्तात काम होतं. पहाटे चारच्या सुमाराला तापमान फारसं बदलतच नाही, म्हणजे सुरुवातच जवळपास उत्तर. आणि माझी थांबायची अट होती “सुरुवातीच्या रेसिड्युअलच्या दहा कोटीव्या भागापर्यंत ये”. सुरुवातच इतकी चांगली की तिचा दहा कोटीवा भाग म्हणजे कॉम्प्युटरच्या सोळा आकड्यांच्या पलीकडे. पोरगं जितकं हुशार तितका पेपर अवघड, असला न्याय. दुपारी ४० इटरेशन, पहाटे ५०००. अट बदलून उजव्या बाजूच्या मापात केली, मिटलं.

आता फजिती.

नवतपा (मेच्या शेवटचे ते नऊ तापलेले दिवस) सुरू झाला होता, मी खोलीत ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बसलेलो, सगळ्या टेस्ट हिरव्या. म्हटलं आता खरा स्लॅब चालवू, कोबा वगैरे सगळ्या थरांसकट, आधी सोपी स्थिर केस, वर एक ठरलेलं तापमान, खाली एक, बाजू बंद. मिनरेस सर्रकन उतरला, १० चा उणे १० वा घात, झालं म्हणाला. मी सवयीनं वरून किती उष्णता आत आली आणि खालून किती बाहेर पडली ते मोजलं. जुळेना. थोडंथोडकं नाही, चांगलंच. बाजू बंद आहेत, तर मधल्यामध्ये उष्णता जाते कुठे?

मग उत्तर घेऊन मी स्वतः मॅट्रिक्सनं गुणलं आणि उजव्या बाजूतून वजा केलं, म्हणजे खरा रेसिड्युअल. तो आला शंभरावा भाग. सॉल्व्हर सांगून राहिला अब्जाव्याहून कमी आणि खरा निघाला शंभरावा. चक्क खोटं बोलला माझ्याशी, मीच लिहिलेला.

खोटं का बोलला ते समजायला हवं. मिनरेस जो रेसिड्युअल छापतो तो तो मोजत नाही, आतल्या छोट्या हिशोबावरून अंदाज करतो, दर पायरीला आधीच्या आकड्याला एका साइननं (त्रिकोणमितीतल्या) गुणतो, आणि साइन एकाहून मोठा होत नाही. म्हणजे तो आकडा वर जाऊच शकत नाही, मॅट्रिक्स कशीही असो. त्या हिशोबाचा सगळा भरवसा मॅट्रिक्स सिमेट्रिक असण्यावर. ती तशी नसेल तर छापलेल्या आकड्याचा आणि वस्तुस्थितीचा संबंध तुटतो. सीजीमध्ये रेसिड्युअल प्रत्येक पायरीला खऱ्या उत्तरासोबतच सरकतो त्यामुळे तो निदान खोटं बोलत नाही, म्हणून तोही चालवून पाहिला, तर तो वर-खाली करत तिथेच घोटाळत बसला. म्हणजे संशय मॅट्रिक्सवर.

पण माझ्याकडे सिमेट्रीची टेस्ट होती ना! साधी आहे, दोन रँडम वेक्टर घ्या, पहिल्याचा आणि मॅट्रिक्स-गुणिले-दुसऱ्याचा गुणाकार करा, मग उलट करा, दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. आणि ही टेस्ट डिसेंबरपासून हिरवी. मी दोन्ही आकडे छापले. सारखे. शेवटच्या अंकापर्यंत सारखे. इथे डोक्यात घंटी वाजली, कारण ७२,००० आकड्यांच्या दोन वेगवेगळ्या बेरजा शेवटच्या अंकापर्यंत कधीच सारख्या येत नाहीत, कुठेतरी पंधराव्या-सोळाव्या अंकाला फरक पडतोच. इतकं साफ म्हणजे दाल में कुछ काला.

रँडम वेक्टर बनवायचं फंक्शन उघडलं. आत पहिल्याच ओळीत सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात ते बी) ४२. प्रत्येक वेळी बोलावलं की परत ४२ पासून सुरुवात. म्हणजे माझे दोन “रँडम” वेक्टर म्हणजे एकच वेक्टर, दोन नावं. एकाच बियाण्याची दोन रोपं. पहिलाच पहिल्याशी ताडून मी पाच महिने म्हणून राहिलो की बघा किती सिमेट्रिक आहे. ही टेस्ट नापास होणंच शक्य नव्हतं, संत्र्याची पेटी दिली असती तरी पास झाली असती.

सीड वेगळे केले, आकडे दुसऱ्याच अंकाला वेगळे. आता प्रत्येक टेस्टसोबत मी एक मुद्दाम बिघडवलेली मॅट्रिक्स ठेवतो, (१, २) आणि (०, १), तिच्यावर टेस्ट नापास झाली नाही तर टेस्टच नापास.

मॅट्रिक्समधली चूक नंतर पाच मिनिटांत सापडली. काँक्रीटची उष्णता वाहायची क्षमता दीडच्या आसपास, कोब्याची साधारण ०.८. मी प्रत्येक तुकड्याची ओळ लिहिताना त्याच तुकड्याचा आकडा वापरला होता. म्हणजे काँक्रीटच्या ओळीत कोब्याशी व्यवहार १.५ नं, आणि कोब्याच्या ओळीत काँक्रीटशी व्यवहार ०.८ नं. पंगतीची टेस्ट एकाच मालाची, तिथे दोन्ही आकडे सारखेच, दिसणार कुठून.

बाबा इतवारीत एका धान्याच्या दुकानात तीस वर्षं वह्या लिहीत होते. संध्याकाळी त्यांना सांगितलं की असं असं झालं. ते म्हणाले, “म्हणजे याच्या वहीत दीड रुपया नावे, आणि त्याच्या वहीत ऐंशी पैसे जमा?” हो. “मग सत्तर पैसे कोण खाल्ले?” मी दोन दिवस तेच शोधून राहिलो होतो, पण इतक्या कमी शब्दांत मला सांगता आलं नव्हतं. दुरुस्ती म्हणजे मधल्या सीमेला एकच आकडा ठरवायचा आणि दोन्ही ओळींत तोच लिहायचा, आणि तो साध्या सरासरीनं काढायचा नाही. अडथळे एकामागे एक असतात त्यामुळे हार्मोनिक सरासरी, दोनदा १.५ गुणिले ०.८ भागिले २.३, म्हणजे १.०४. तसंच एखाद्या ओळीला तिच्या तुकड्याच्या आकारानं भागायचा मोहही आवरायचा, थर लहानमोठे असले की त्यानंही वही फाटते. त्यानंतर मिनरेसचा छापील आकडा आणि खरा रेसिड्युअल जवळपास जुळले, वरची उष्णता खाली पोचली, आणि दिवसभराचं मॉडेल चालवल्यावर छताच्या खालच्या बाजूचं तापमान सातच्या सुमाराला सगळ्यात वर गेलं. हातानं ताळा करून पाहिला, वीस सेंटिमीटर जाडीला उष्णतेची लाट पार करायला साडेपाच तासांच्या आसपास येतात. एक-दीडला ऊन, सातला छत. खोटं नाही.

मग दादाची फाइल मागवली, म्हटलं आता मिनरेस तुझ्या मॅट्रिक्सवर चालवू. फाइल आली, सिमेट्रीची टेस्ट लावली, एका सेकंदात लाल. साधं लाल नाही, दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही इतकं. उघडून पाहिलं तर डायगोनलच्या वर सगळी शून्यं. फोन लावला, दादा साइटवर, मागे मिक्सर घरघरून राहिलेला. मी म्हटलं दादा, तुझी मॅट्रिक्स सिमेट्रिक नाही.

“नाही कशी? सिमेट्रिकच आहे ना,” तो ओरडला, “म्हणूनच तर अर्धीच धाडली तुला. बाकीची अर्धी तीच आहे बे!”